गिटारची धार कुठे गेली? एक पाऊस, दोन दोष आणि माझी एक चूक

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "ताई, विषय सापडलाय, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?" याचं उत्तर पुस्तकी व्याख्येने देता येतं, पण ते लक्षात राहत नाही. म्हणून आज एका इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट सांगते. त्यात थोडं सर्किट आहे, थोडं गणित आहे, आणि मी केलेली एक चूक आहे. चूक लपवली असती तर लेख छोटा झाला असता, पण तुमच्या उपयोगाचा राहिला नसता.

माझा मामेभाऊ कामशेतला राहतो. लोणावळ्याच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारी जो बँड वाजवतो, त्यात तो गिटार वाजवतो. मागच्या जुलैत तो गिटार घेऊन घरी आला आणि म्हणाला, "ताई, आवाज बसलाय. गोणपाटातून आल्यासारखा येतोय. बँडवाले म्हणतात, नवीन पिकअप टाक नाहीतर दुसरा गिटारवाला बघतो." नवीन पिकअपचा सेट म्हणजे त्याची दोन महिन्यांची कमाई. त्यामुळे प्रश्न नुसता आवाजाचा नव्हता.

निदान मात्र सगळ्यांकडे तयार होतं. ड्रमर म्हणाला, घाटमाथ्यावरच्या दमट हवेने पिकअप गेला. मामा म्हणाला, लाकडाने पाणी धरलं. आणि मी, भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी, छातीठोकपणे म्हणाले, "कॅपॅसिटर बदल. टोन त्याच्यावरच असतो." इंटरनेटवर ज्याची फार स्तुती वाचली होती तसा, तेलात भिजवलेल्या कागदाचा महागडा कॅपॅसिटर आम्ही मागवला. मी डाग दिला, त्याने वाजवून बघितलं. दोघांनाही वाटलं, "अरे, फरक पडला!"

शनिवारी हॉटेलात वाजवून आला आणि रात्री फोन केला. "ताई, सगळे म्हणतात आवाज होता तसाच आहे."

आधी सर्किट समजून घेऊ

गिटारच्या आत काय असतं ते बघा. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. एका साध्या सिंगल-कॉइल पिकअपमध्ये तिचे सात-आठ हजार वेढे असतात. वर स्टीलची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. हा बारावीतला फॅरडेचा नियम.

पण इतके वेढे असलेली कॉइल नुसती व्होल्टेज देत नाही, तिचे स्वतःचे गुणही सोबत आणते. तिचा इंडक्टन्स मोठा असतो, साधारण २ ते ३ हेन्री. रोध असतो, सुमारे ६ किलोओहम. आणि वेढे एकमेकांना चिकटून असल्याने थोडा कपॅसिटन्सही असतो, १०० पिकोफॅरॅडच्या आसपास. यापुढे सर्किटमध्ये काय येतं? व्हॉल्युमचा पॉट, टोनचा पॉट आणि त्याला जोडलेला कॅपॅसिटर. आणि मग बहुतेक जण जी वस्तू 'भाग' म्हणून मोजतच नाहीत ती, म्हणजे केबल. केबलमध्ये मधली तार आणि बाहेरची जाळी असते, मध्ये प्लास्टिक. म्हणजे तो एक लांबच लांब कॅपॅसिटरच झाला. साधारण केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरॅड धरा.

इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की रेझोनन्स आलाच. एका विशिष्ट वारंवारतेपाशी आवाज थोडा उचलला जातो, आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. आवाजाच्या आलेखावर एक टेकडी आणि तिच्यापलीकडे घाट उतरतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. आपण ज्याला 'धार', 'चमक' किंवा 'बसका आवाज' म्हणतो, ते बऱ्याच अंशी ही टेकडी कुठे आहे आणि किती उंच आहे यावर ठरतं.

टेकडीची जागा इंडक्टन्स आणि एकूण कपॅसिटन्सच्या गुणाकारावर ठरते. गुणाकार वाढला की टेकडी खालच्या वारंवारतेकडे सरकते. २.४ हेन्रीचा पिकअप, कॉइलचे स्वतःचे ११० पिकोफॅरॅड आणि ३ मीटरची केबल धरली, तर टेकडी सुमारे ५.१ किलोहर्ट्झवर येते. तीच केबल १० मीटरची केली की ३.१ किलोहर्ट्झवर. पिकअप तोच, हात तोच, फक्त वायर लांब.

टेकडीची उंची मात्र पॉट ठरवतात. पॉट नुसता आवाज कमी-जास्त करणारा नळ नाही. पूर्ण उघडा असतानाही त्याचा संपूर्ण रोध सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसलेला असतो. रोध जितका कमी, तितकी टेकडी जास्त दाबली जाते. म्हणून सिंगल-कॉइलला बहुधा २५० किलोओहमचे पॉट लावतात आणि जास्त इंडक्टन्सच्या हमबकरला ५०० किलोओहमचे.

माझी चूक नेमकी कुठे झाली

आता टोनचा कॅपॅसिटर बघा. तो टोनच्या पॉटला सिरीजमध्ये असतो. टोन पूर्ण उघडा, म्हणजे दहावर असेल, तर कॅपॅसिटरच्या वाटेत पॉटचा पूर्ण रोध उभा असतो. २२ नॅनोफॅरॅडच्या कॅपॅसिटरचा अडथळा १ किलोहर्ट्झला सुमारे ७ किलोओहम, आणि ५ किलोहर्ट्झला जेमतेम दीड. त्याच्यासोबत २५० किलोओहम बसलेले. म्हणजे या अवस्थेत कॅपॅसिटर कागदाचा आहे, सिरॅमिकचा आहे की पॉलिस्टरचा, याला काहीही अर्थ उरत नाही. तो जवळपास साध्या तारेसारखा वागतो.

आणि माझा भाऊ टोन कायम दहावर ठेवतो.

पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसले असते तर हे आधीच कळलं असतं. पण मला 'टोन' या शब्दाने फसवलं. नॉबवर टोन लिहिलंय, म्हणजे टोन तिथेच असणार! नाव आणि कार्य यांत गल्लत करणं ही संशोधनातली फार जुनी चूक आहे.

टोन शून्यावर आणला तर गोष्ट बदलते. तेव्हा कॅपॅसिटर थेट कॉइलला समांतर येतो आणि टेकडी धाडकन खाली येते. २२ नॅनोफॅरॅडला सुमारे ७०० हर्ट्झवर, ४७ नॅनोफॅरॅडला ५०० च्याही खाली. इथे कॅपॅसिटरचं मूल्य महत्त्वाचं आहे. बाजारातल्या स्वस्त सिरॅमिक कॅपॅसिटरचं मूल्य छापल्यापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असू शकतं, काही प्रकारांत त्याहूनही जास्त. त्यामुळे दोन कॅपॅसिटर बदलून ऐकले आणि फरक जाणवला, तर तो 'कागदाचा' फरक असेलच असं नाही. आधी दोन्ही मीटरवर मोजा.

मग नवीन कॅपॅसिटर लावल्यावर आम्हा दोघांना फरक का ऐकू आला? कारण आम्हाला तो ऐकायचा होता. पैसे गेले होते, मेहनत झाली होती, आणि कोणता कॅपॅसिटर लावलाय हे दोघांनाही माहीत होतं.

मग मोजायला बसलो

पुढच्या रविवारी गिटारचं झाकण उघडलं. मल्टिमीटर व्हॉल्युम पॉटच्या दोन टोकांना लावला. आकडा आला ५.६ किलोओहम. क्षणभर वाटलं, पॉट जळाला! मग लक्षात आलं की पिकअपची ६ किलोओहमची कॉइल त्याच टोकांना समांतर जोडलेली आहे, मीटर दोघांचं मिळून दाखवतोय. सर्किटमध्ये बसलेला भाग तसाच मोजला तर मीटर खरं सांगतो, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. पिकअपची वायर सोडवली आणि पुन्हा मोजलं. ९४ किलोओहम.

२५० हवे होते. पॉटमध्ये २० टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे २०० ते ३०० मध्ये काहीही आलं असतं तरी मी गप्प बसले असते. ९४ म्हणजे तो मुळात १०० किलोओहमचा पॉट होता. टोनचाही तसाच निघाला.

"हे कधी बदललेस?" मी विचारलं. तो म्हणाला, "मागच्या पावसाळ्यात खरखर सुरू झाली होती. फेब्रुवारीत एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे जे होते ते टाकले." दुरुस्तीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. स्टिरिओ आणि मिक्सरच्या कामात १०० किलोओहमचा पॉट सर्रास चालतो, आणि खरखर तर गेलीच होती.

पण मग प्रश्न उरतो. पॉट फेब्रुवारीत बदलले, तर तक्रार जुलैत का? इथे मी पुन्हा घाई करणार होते. या वेळी थांबले आणि विचारलं, "जूननंतर अजून काय बदललं?"

तो म्हणाला, "काही नाही. पाऊस लागला म्हणून हॉटेलवाल्यांनी आमचं स्टेज लॉनवरून आतल्या हॉलमध्ये नेलं. तिथे अँप लांब आहे, म्हणून १० मीटरची केबल घेतली."

हे वाचताना तुमच्याही डोक्यात दिवा लागला असेल. सगळे म्हणत होते, पाऊस आला आणि आवाज बसला. ते खोटं नव्हतं. पण पाऊस लाकडात किंवा कॉइलमध्ये शिरला नव्हता. पावसामुळे स्टेज हललं, स्टेजमुळे केबल लांबली, केबलमुळे टेकडी सरकली. आणि पॉटचा दोषही पावसाचाच, पण मागच्या वर्षीच्या. दमट हवेने पॉटचे संपर्क खराब झाले, खरखर आली, म्हणून पॉट बदलले गेले. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात तेव्हा त्यांच्यामध्ये कोणती साखळी आहे, हे शोधायला 'अजून काय बदललं?' हा साधा प्रश्न पुरतो. तुमच्या प्रयोगशाळेतही पुरेल.

दोन दोषांची वजाबाकी

आता दोन संशयित झाले: पॉट आणि केबल. दोन्ही एकदम बदलले असते तर आवाज सुधारला असता, पण कोणामुळे ते कळलं नसतं. म्हणून चार जोड्या केल्या. सर्किट मॉडेलवरून ५ किलोहर्ट्झला सिग्नलची पातळी काढली. गृहीतकं अशी: २.४ हेन्री, ६ किलोओहम, ११० पिकोफॅरॅड, अँपचा इनपुट १ मेगाओहम, टोन दहावर.

१. २५० चे पॉट, ३ मीटर केबल: +२.४ डेसिबल
२. २५० चे पॉट, १० मीटर केबल: −५.१ डेसिबल
३. १०० चे पॉट, ३ मीटर केबल: −४.४ डेसिबल
४. १०० चे पॉट, १० मीटर केबल: −७.४ डेसिबल

हे आकडे गणिताचे आहेत. खऱ्या पिकअपमध्ये धातूच्या भागांतही थोडी ऊर्जा वाया जाते, ती यात धरलेली नाही. तरी एक गोष्ट बघा. नुसत्या केबलने ७.५ डेसिबल गेले. नुसत्या पॉटने जवळपास ७. दोन्ही मिळून १४ च्या वर जायला हवेत ना? प्रत्यक्षात १० च्याही किंचित आतच गेले. बेरीज जुळत नाही, आणि ती जुळू नयेच. लांब केबलने टेकडी ३ किलोहर्ट्झकडे सरकली की ५ किलोहर्ट्झ पलीकडच्या उतारावर जातं, आणि तिथे पॉटच्या रोधाचं फारसं चालत नाही. दोन घटकांचा परिणाम एकमेकांवर अवलंबून असतो, त्याला संख्याशास्त्रात इंटरॅक्शन म्हणतात. एका वेळी एकच घटक बदला, हा नियम चांगला आहे. पण चारही जोड्या केल्या नाहीत तर इंटरॅक्शन दिसत नाही.

गणितावर थांबायचं नव्हतं. पंचवीस-तीस वेढ्यांची छोटी कॉइल पिकअपवर ठेवली, तिला रोध जोडून लॅपटॉपवरून खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर दिला आणि गिटारमधून येणारा सिग्नल रेकॉर्ड केला. इथे एक खाच आहे. प्रवाह तेवढाच ठेवला तरी वारंवारता दुप्पट झाली की कॉइलमध्ये निर्माण होणारं व्होल्टेजही दुप्पट होतं. फॅरडेच पुन्हा. ही चढण आलेखातून वजा केली नाही, तर प्रत्येक पिकअप भलताच चमकदार दिसेल. वजाबाकीनंतर चार जोड्यांचा क्रम गणितासारखाच आला.

मग कानांची परीक्षा. भावाला पाठ करून बसवलं. नाणं उडवून केबल निवडायची, बँडमधल्या दुसऱ्या मुलाने एकच छोटी ओळ वाजवायची, भावाने ओळखायचं. १६ वेळा. केबलमध्ये १५ बरोबर. तसंच दोन कॅपॅसिटरचं केलं. मोजून सारख्या मूल्याचे, एक साधा, एक माझा महागडा, आणि टोन शून्यावर, म्हणजे कॅपॅसिटरला पुरेपूर संधी देऊन. १६ पैकी ९ बरोबर. नुसते अंदाज मारले तरी ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते. १२ आले असते तर मी कान टवकारले असते, कारण योगायोगाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. यावरून 'कॅपॅसिटरच्या जातीने जगात कुणालाच फरक कळत नाही' असं सिद्ध होत नाही. एक गिटार, एक श्रोता, १६ प्रयत्न, एवढंच माझं विधान. विधान तेवढंच ठेवणं हाही संशोधनाचा भाग आहे.

गुणगुण आणि एक धोक्याची गोष्ट

हॉलमध्ये दुसरी तक्रार होती गुणगुणीची. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीत उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईसाठी वीज बनवली. आज आपल्या सगळ्या घरांत येणारी वीज ५० हर्ट्झची आहे, आणि सिंगल-कॉइल पिकअप तारांची कंपनं ऐकतो तसंच आजूबाजूच्या वायरिंगचं आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही ऐकतो. त्याची दुप्पट, १०० हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या ९८ हर्ट्झच्या सुराला अगदी खेटून. म्हणून ती इतकी खुपते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर उलट दिशेने गुंडाळलेल्या, उलट ध्रुवांच्या दोन कॉइल जोडण्याचा उपाय काढला. १९५५ मध्ये अर्ज केला, १९५९ मध्ये पेटंट मिळालं. तारांचा सिग्नल दोन्ही कॉइलमध्ये मिळून दुप्पट होतो, बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते. तोच हमबकर. आत तांब्याची पट्टी चिकटवून दिव्यांच्या डिमरची चरचर कमी होते, पण ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिला जुमानत नाही.

आता कृपया हे नीट वाचा. बँडमधल्या कुणीतरी गुणगुण कमी व्हावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली होती. गुणगुण खरंच कमी झाली होती! पण गिटारच्या तारा अँपच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. आत काही बिघडलं, तर वीज जमिनीत जायला वाट उरते ती वाजवणाऱ्याच्या अंगातूनच, आणि पावसाळ्यात फरशी ओली असते. १९७२ मध्ये स्वॉन्सीला स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. आवाजासाठी काहीही बदला, अर्थिंगला हात लावू नका. आम्ही त्याच दिवशी प्लग बदलला.

शेवटी काय केलं

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन २५० किलोओहमचे चार पॉट घेतले, दुकानातच मीटरवर मोजले आणि त्यातले चांगले दोन निवडले. लांब केबल टाळता येत नव्हती, म्हणून गिटारजवळ छोटं बफर सर्किट बसवलं. बफरच्या पुढची केबल कितीही लांब असली तरी पिकअपला ती दिसत नाही. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत. पिकअप तेच आहेत, आणि भाऊ अजून त्याच बँडमध्ये आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. 'इलेक्ट्रॉनिक भागांमुळे गिटारचा आवाज बदलतो का?' हा विषय झाला. यावर रात्रभर वाद घालता येतो, मोजता काही येत नाही. 'टोन दहावर असताना ३ ऐवजी १० मीटरची केबल लावली, तर ५ किलोहर्ट्झला पातळी किती डेसिबलने बदलते, आणि हा बदल पॉटच्या रोधावर अवलंबून आहे का?' हा संशोधनाचा प्रश्न. यात काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, काय मोजायचं आणि कोणतं उत्तर आलं तर आपण चुकीचे ठरू, हे सगळं आहे. तुमच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य आज रात्री या चार कसोट्यांवर घासून बघा. माझ्या पहिल्या प्रस्तावातलं एकाही कसोटीवर उतरलं नव्हतं.

तो महागडा कॅपॅसिटर मी गिटारमधून काढून घेतला. सध्या तो माझ्या टेबलावर, मॉनिटरच्या खाली आहे. एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगायची वेळ आली की आधी त्याच्याकडे बघते.